नळीतला कोसा
शिलाई मशीनला तेल घातलं आणि बोटांना तो वास लागला, की मला कारध्याजवळ नदीकाठी भरलेला आमचा एनसीसीचा कॅम्प आठवतो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. कॉलेजच्या आम्ही मुली पहिल्यांदाच गोळी चालवणार होतो. रायफलीची नळी पुसायच्या चिंध्या संपल्या, म्हणून आंधळगावच्या विणकराघरच्या माझ्या मैत्रिणीने पिशवीतून कोसा रेशमाचा तुकडा काढला, दुहेरी घडी करून दोरीला बांधला आणि नळीत ओढला. अर्ध्यात तो असा रुतला की दोघींनी जोर लावल्यावर दोरीच तुटली. कॅम्पला आलेली कॉलेजची मुलं फिदीफिदी हसली. "ढकलोगे तो कपडा अंदर ही फटेगा. लडकियों की फायरिंग बंद!" रायफल शिकवणारे फौजी उस्ताद गरजले. मैत्रीण जागची हलली नाही. "कोसा फाटत नाही जी, अख्खा निघते," म्हणाली, आणि मला, "तू तेल सोड." मी तेल सोडलं. तिने कुंपणातली बांबूची कमची विळ्याने तासून गुळगुळीत केली आणि नळीच्या तोंडातून हळूहळू दाबत नेली. मागून काळाकुट्ट गोळा टपकन पडला. उलगडला तर एकही धागा तुटलेला नव्हता! उस्तादांनी नळीला डोळा लावला, बराच वेळ पाहिलं, आणि मुलांकडे वळून म्हणाले, "पहले लडकियाँ." माझी गोळी कुठे गेली देव जाणे, तिची मात्र मधोमध बसली. मशीन पुसायला मी अजून कोशाचाच तुकडा घेते. "इतकं भारी कापड पुसायले काहून घेता जी आई?" सून विचारते. मी तो तिच्या हातात देते, "फाडून पाहा बरं!"