आईबरोबर पाहिलेला जगाचा शेवट

जग संपल्यानंतरचा तो विनोदी सिनेमा माझा फार लाडका, पण घरी मी तो हेडफोन लावून एकटीच बघायची. त्यात उरलेली माणसं गंजलेले डबे फोडून त्यांतलं अन्न खातात आणि त्या डब्यांसाठी एकमेकांना मारतात. आईला माझी ही आवड विचित्र वाटेल, अशी धास्ती होती. एका रविवारी दुपारी ती शेजारी येऊन बसली. मी हेडफोन काढले आणि दबक्या आवाजात इंग्रजी संवाद मराठीत सांगू लागले. आई अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातली. पडद्यावर डब्यासाठी खून झाला, तशी ती वैतागली. "एवढी मानसं, पन सुकी मासळी कोनाकडंच नाय?"

मी पोट धरून हसले.

"दात काय काढतेस गो? पयल्यापासून लाव."