दोन फ्रेम आधी

दुकानात त्याला सगळे टिचकी म्हणत. गाणं सुरू झालं की त्याचं बोट टेबलावर टिचक्या मारायला लागायचं, आणि जिथं टिचकी पडेल तिथं व्हिडिओचा कट. अकरा वर्षं घर याच बोटावर चाललं होतं. व्हिडिओ एडिटिंगचं हे दुकान साडूंचं, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं. त्यामुळे बोलणी घरच्यासारखी खायची आणि सुट्टी मात्र परक्यासारखी मागायची.

लेकीच्या पोहण्याच्या दोन शर्यती या नोकरीपायी हुकल्या होत्या. तिसरी शनिवारी पाचला होती. "या वेळी नाही आलास तर तिला सांगून टाकते, बाबा कॉम्प्युटरमध्येच राहतात," बायकोने बजावलं होतं.

म्हणून महिनाभर जेवणाच्या सुट्टीत, एका हाताने डबा खात, त्याने एक स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरचा छोटा प्रोग्राम, लिहिली. तिला गाणं द्यायचं, क्लिपांचं फोल्डर दाखवायचं. ती गाण्यातले ठोके शोधून प्रत्येक ठोक्यावर शॉट बदलायची आणि कच्चा व्हिडिओ जोडून द्यायची. तीन दिवसांचं काम चार मिनिटांत.

"आणि तू काय, नुसती खुर्ची गरम करणार?" साडूंनी विचारून घेतलं.

शनिवारी तीनला नाचाच्या क्लासच्या बाई वार्षिक कार्यक्रमाचा व्हिडिओ बघायला आल्या. पसंत पडला तर टिचकी मोकळा. नाही पडला तर रात्रभर बसून हाताने जमेल तेवढं करणं आलं, कारण सकाळी तो पालकांना दाखवायचा होता.

बाईंनी शेवटपर्यंत बघितला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"काही चुकलंय का?" साडूंनी विचारलं.

"चुकलं काहीच नाही हो. पण गेल्या वर्षीचा बघताना माझा पाय आपोआप हलत होता. आज बघा, ढिम्म!"

साडूंनी टिचकीकडे असं बघितलं, जणू बाईंचा पाय त्यानेच बांधून ठेवला होता.

टिचकीने गेल्या वर्षीची फाइल उघडली, नवीच्या शेजारी लावली आणि मोठी करून बघितली. हाताने केलेला जवळजवळ प्रत्येक कट ठोक्याच्या दोन फ्रेम आधी पडला होता. सेकंदाचे पंचवीस तुकडे केले तर त्यातले दोन. ज्या बोटाच्या अचूकपणाची तो अकरा वर्षं फुशारकी मारत आला, ते पहिल्या दिवसापासून उतावळं होतं.

"म्हणजे आजवर तू चुकतच आलास?" साडू म्हणाले.

"हो ना. आणि तक्रार आली ती आज, बरोबर केल्यावर."

त्याने स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली: सगळे कट दोन फ्रेम आधी. पुन्हा चार मिनिटं. या खेपेला पडद्याकडे बाईच तेवढ्या बघत होत्या. साडू आणि टिचकी वाकून टेबलाखाली त्यांच्या चपलेकडे बघत बसले. दुसऱ्या कडव्याला चप्पल हलली.

"खाली काही पडलंय का तुमचं?" बाईंनी विचारलं.

"सापडलं," म्हणत टिचकी उठला. साडेचार वाजले होते.

"अरे, ती ओळ मला समजावून तरी जा!" साडू मागून ओरडले.

"सोमवारी!"

तो तलावावर पोचला तेव्हा मुली काठावर वाकून उभ्या होत्या. बायकोने शेजारची जागा पर्स ठेवून धरली होती. शिट्टी वाजायच्या पापणीभर आधी एकच मुलगी पाण्यात पडली. सरांनी हात हलवून तिला परत बोलावलं, ताकीद दिली, आणि सगळ्यांना पुन्हा उभं केलं.

"ही घाई कुणाची उचललीये पोरीने?" बायको म्हणाली, आणि सरांनी शिट्टी ओठाला लावताच तिने कठड्यावरचं त्याचं बोट मुठीत पकडलं. ते आधीच सुरू झालं होतं.