मदतीला आलेला अनोळखी माणूस आणि गायब झालेली ओळ

मित्रांनो, सकाळपासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून इथे लिहितोय.

माहिती कुलूपबंद ठेवणारी एक क्रिप्टो लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅम वापरतात असा तयार कोड, मूळ लेखकांनी सोडून दिली. तेव्हापासून तिचा फोर्क, म्हणजे वेगळी काढलेली प्रत, मी ओतूरहून सांभाळतो. आळेफाट्याच्या एका डॉक्टरांच्या पेशंटची माहितीही तिच्याच भरवशावर आहे.

तीन महिने एक अनोळखी माणूस न मागता दुरुस्त्या पाठवतोय. सगळ्या नीटनेटक्या. आज सायबर कॅफेत मेल उघडली तर लिहिलेलं, "तुमच्याकडे लोडशेडिंग असतं, वेळ मिळत नसेल. थेट बदल करायचा अधिकार मला द्या." सोबत 'किरकोळ साफसफाई'चा पॅच, म्हणजे कोडमध्ये करायच्या बदलांची फाइल.

मी तो ओळ न् ओळ वाचला. मध्येच एक ओळ काढलेली होती. तिच्यामुळेच प्रत्येकाची किल्ली वेगळी बनते. ती गेली की कुणाचीही किल्ली अंदाजाने काढता येते.

कॅफेवाले सलीमभाई म्हणाले, "राव, चुकून बी झालं असंल. लई संशय बरा न्हाई."

म्हणून त्याला विचारलं. दहा मिनिटांत उत्तर, "सॉरी, नजरचूक. ओळ परत टाकली. आता अधिकार द्याल ना?"

तो शेवटचा प्रश्नच मला खटकला. मी नाही म्हणून कळवलं. त्यानंतर त्याचं अक्षरही नाही.

आता त्याच्या जुन्या दुरुस्त्या पुन्हा वाचतोय. नऊ झाल्या, काही सापडलं नाही. खरंच नजरचूक असेल, तर एका भल्या माणसाला मी आज दुखावलं.

तुम्ही दिला असता अधिकार?