मारोतरावांची उरलेली किडनी

मारोतरावांच्या डाव्या कुशीवर वीतभर लांबीचा व्रण आहे. नऊ वर्षं भिलाईच्या मराठी मंडळात तो मानाचा व्रण होता. कुणाला मुतखडा झाला, कुणाचं क्रिएटिनिन वाढलं, की लोक आधी मारोतरावांना विचारत. कॅन्सरपायी अख्खी किडनी काढलेला माणूस सायकलवर येतो, चिवडा खातो, हे पाहून त्यांना धीर येई.

फेब्रुवारीत उमाकांत साहेबांच्या किडनीत गाठ निघाली. साहेब स्टील प्लांटचे निवृत्त अधिकारी. पित्ताशयासाठी सोनोग्राफी केली आणि भलतंच दिसलं. रायपूरला रोबोटच्या मदतीने डॉक्टरांनी फक्त गाठ काढली, किडनी शिवून जागेवर ठेवली. चौथ्या दिवशी साहेब घरी. पुढच्या महिन्यात मंडळात त्यांनी बुशशर्ट वर करून पाच बारके डाग दाखवले. सगळे वाकून बघत होते. मारोतरावांकडे सगळ्यांची पाठ होती.

मंडळातल्या सिंधुताई म्हणाल्या, "मंग मारोतरावभाऊ, तुमची तं उगाच काढली म्हणायची."

ते वाक्य मारोतरावांच्या डोक्यातून जाईना. एकतीस वर्षं ते त्याच प्लांटच्या रोल शॉपमध्ये लेथवर होते. पोलाद लाटणाऱ्या गिरणीतला लोखंडी रोल भेगाळला की तो लेथवर चढवायचा, भेग जाईपर्यंत वरचा थर सोलायचा आणि रोल परत पाठवायचा. भेग पडली म्हणून रोल भंगारात टाकणारा तिथे शिव्या खाई. त्यांची स्वतःची किडनी मात्र सरळ भंगारात गेली होती, आणि साहेबांची सोलून परत मिळाली होती.

"दोन वर्षं झाले, तपासणीले गेले नाही तुमी," त्यांची बायको विजयाबाई म्हणाल्या. "आता जुनी फाइल कावून शोधून राहिले?"

"डॉक्टरच्या तोंडून ऐकायचं हाय मले. माही वाचली असती का नाही."

"अन् वाचली असती म्हणला तं? परत येते का ते?"

"नाही येत. पण माहीबी वाचली असती, हे साहेबाले सांगता येते."

रायपूरला साहेबांच्याच डॉक्टरीणबाईंकडे ते दोघं गेले. तिने जुना रिपोर्ट शांतपणे वाचला. गाठ नऊ सेंटिमीटरची, टोक शिरेत शिरलेलं. लहान गाठींमध्ये किडनी वाचवली तरी कॅन्सरचा निकाल तितकाच चांगला येतो, हे अभ्यासांतून दिसलंय, ती म्हणाली. पण ही गाठ आज आली असती तरी तिने सगळी किडनीच काढली असती. मारोतरावांचा चेहरा पडला. रुसायलाही जागा उरली नाही.

मग तिने विचारलं, शेवटची सोनोग्राफी कधीची? उत्तर ऐकून तिने त्यांना लगेच तपासणीला पाठवलं. सोनोग्राफी झाली, पाठोपाठ सीटी स्कॅन. उजव्या किडनीच्या खालच्या टोकाला दोन पॉइंट तीनची गाठ होती. ही किडनी काढली तर जन्मभर डायलिसिस. म्हणून रक्तप्रवाह थोडा वेळ थांबवून फक्त गाठ काढायची. उरलेली किडनी किती काम करेल, ते नंतरच कळणार. तारीख पंधरा दिवसांनंतरची मिळाली.

 परतीच्या बसमध्ये विजयाबाई म्हणाल्या, "साहेबावर जळून का होईना, तपासणीले गेले तं तुमी."

संध्याकाळी साहेब पपई घेऊन आले. "किती सेंटिमीटर, मारोतराव?"

"दोन पॉइंट तीन. तुमची?"

"तीन पॉइंट एक."

"म्हणजे माही लहान," मारोतराव म्हणाले. क्षणभर त्यांना बरं वाटलं.

"मग घाबरायचं काय? मी चौथ्या दिवशी चालत घरी आलो. तुम्हीही याल."

मारोतरावांनी पपई बाजूला ठेवली. नऊ वर्षं लोकांनी त्यांना विचारलं होतं. आता ते स्वतः विचारत होते. "साहेब, शुद्धीवर आले तवा नळीच्या पिशवीत लघवी होती का?"

"होती की. भरपूर होती. पण माझी तर दुसरी..." साहेब थांबले.

"तेच म्हणतो मी," मारोतराव म्हणाले. "तुमच्यापाशी दुसरी होती."