सुतळीवरचं सिडनी

पृथ्वीवरच्या कुठल्याही दोन विमानतळांमधलं अंतर आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतकं झटपट कोणी कापलं नसेल, तेही बिबवेवाडीतल्या खुर्चीवरून न उठता. गावोगावी दुधाचे टँकर धाडण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. ते निवृत्त झाले त्याच सुमारास आमच्या सोसायटीतली पोरं कॉम्प्युटर शिकून भराभर परदेशी उडायला लागली आणि काकांना टँकरऐवजी विमानं मिळाली. त्यांनी पृथ्वीचा गोल विकत आणला. त्यावर सुतळी ताणायची, ती फूटपट्टीवर धरायची आणि किलोमीटर, तास, मधला थांबा, सगळं घडाघडा सांगायचं. हिशेब मात्र दुधाचाच. "मधे फार वेळ थांबू नका," ते प्रत्येकाला बजावायचे, "माणूस नासतो."

तळमजल्यावरचा मुलगा सिएटलला निघाला तेव्हा टॅक्सी फाटकाशी उभी, आई डोळे पुसतेय, आणि काका गोल काखोटीला मारून जिना उतरले. सुतळी ताणली तर ती थेट उत्तर ध्रुवाच्या अंगावरून गेली. झालं! बांधून तयार असलेली बॅग काकांनी उघडायला लावून कानटोपी वर काढवली. विमान लंडनवरून जाणार आहे, असं मुलाने अदबीने सांगितलं. काकांनी सुतळीकडे पाहिलं, मग मुलाकडे. "म्हणजे पायलटला रस्ता ठाऊक नाही," ते म्हणाले. आईने ऐन मे महिन्यात मुलाच्या डोक्यावर कानटोपी चढवूनच त्याला टॅक्सीत बसवलं. ओळखीचं कोणी आकाशात असलं की काकाही दिवसभर हवेत असत. भाजी निवडता निवडता "आला, इराणवर आला" असं पुटपुटत, आणि विमान डोंगरांवर आहे असं वाटलं तर काकूंना मिक्सर लावू देत नसत. आणि हे गृहस्थ स्वतः जन्मात विमानात बसले नव्हते.

मग सिडनीतल्या त्यांच्या मुलीचं बाळंतपण जवळ आलं. दोघांचे पासपोर्ट झाले आणि काकांचा गुडघा दुखू लागला. गुडघा बरा झाला तर टाकीत पाणी कोण सोडणार, हा प्रश्न निघाला. काकू जवळच्या स्वारगेटच्या पुढे कधी एकट्या गेलेल्या नव्हत्या. एके दिवशी डिंकाचे लाडू वळता वळता म्हणाल्या, "तुम्ही सुतळी सांभाळा. मी जाऊन येते." आणि खरंच गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मोठ्या उत्साहाने वर गेलो. सिंगापूर मागे पडलं असेल, आता काका रंगात असतील, असा माझा अंदाज होता. गोल कपाटावर चढवून ठेवलेला होता आणि काका फोनशेजारी स्टुलावर बसले होते. काकू कुठवर पोचल्या असतील, मी विचारलं.

"आज नका विचारू," ते हळूच म्हणाले. "खाली सगळा समुद्रच आहे हो."

मीही शेजारी खुर्ची ओढून बसलो. फोन वाजला तेव्हा पहिली घंटा पुरी व्हायच्या आत त्यांनी तो उचलला. काकू इतक्या मोठ्याने बोलत होत्या की मलाही ऐकू येत होतं. सुखरूप पोचले, खिडकी मिळाली, ढग वरून कापसासारखे दिसतात, आणि तुम्ही जेवलात का?

"केव्हाच," काका म्हणाले.

माझ्या बायकोने सकाळी दिलेला डबा टेबलावर तसाच होता. त्याचं झाकणसुद्धा निघालेलं नव्हतं.