खाडीकाठचे इंगळे सर

भर थंडीत कूलर चालू असलेले आमच्या गल्लीत एकच घर होते, ते इंगळे सरांचे. बुलढाण्याचा जानेवारी घाटावरचा. लोक दोन-दोन रजया घेऊन झोपत. सरांच्या खिडकीतला कूलर मात्र पाणी न घालता रात्रभर घरघरत असे. समोरचा किराणा दुकानदार त्यांना रोज छेडायचा.

"सर, बर्फाची लादी आणून देऊ का?"

"आन बे. पयले तुह्या डोक्यावर ठेव."

कारण मात्र ते सांगत नसत. फारच कोणी खोदून विचारले तर एवढेच म्हणत, "आवाज नसला का घर ऐकू येते."

प्रल्हाद इंगळे मूळचे वडनेर भोलजीचे, म्हणजे घाटाखालचे. बौद्ध कुटुंबातले, घरातले शिकलेले पहिले. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली ती थेट कोकणात, खाडीकाठच्या एका गावी. पुष्कळ वर्षांनी आंतरजिल्हा बदली घेऊन ते बुलढाण्याला आले, तेव्हा सोबत शाळकरी मुलगी होती, संघमित्रा. पत्नी नव्हती. आजारपणात गेली असावी असे गल्लीने परस्पर ठरवून टाकले आणि सरांनी ते खोडले नाही. मी तेव्हा एका दैनिकासाठी जिल्ह्याच्या बातम्या देत असे आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहत असे.

शाळा शहराबाहेर, डोंगराच्या कुशीत होती. तिथे सर चौथीला भरती-ओहोटी शिकवायला लागले की आठवडा आठवडा तोच धडा चाले. एका पालकाने माझ्यासमोर तक्रार केली होती.

"सर, आमच्या पोट्ट्याईले समुद्राचं काय काम? धरणाचं सांगा, इहिरीचं सांगा."

"जातीन कधी फिराले."

"तवा पाह्यलं जाईन."

"तवा मी राह्यणार नाही ना तिथी," सर म्हणाले आणि पुन्हा फळ्याकडे वळले. फळ्यावर एक वाक्य कायम असे. धडा कोणताही असो, ते पुसायची परवानगी नव्हती: पाणी खालूनही येते.

संध्याकाळी ते राजूर घाटाच्या तोंडाशी फिरायला जात. मीही कधी कधी जाई. पावसाळ्यात तिथून घाटाखालची गावे दिसत नाहीत. धुके दरीत भरते आणि हळूहळू वर चढते. एकदा असेच धुके वर येत असताना बोलणे अर्धवट टाकून सर उठले. "चाला. भरून येऊन राह्यलं." त्यांनी माझा दंड पकडला होता आणि ती पकड सैल नव्हती. रस्त्यावर, दिव्याखाली आल्यावर त्यांनी हात सोडला. मग त्यांनी पत्नीची हकिकत सांगितली. आवाज शेवटपर्यंत चढला नाही.

पत्नीचे नाव सुमन. तिला समुद्र कधीच आवडला नाही. पहिल्या वर्षापासून तिचे मागणे एकच होते: बदलीचा अर्ज करा. "ते म्हने, मले डोंगर पाह्यजे. डोंगर जागचा हालत नाही. अन् मले दर्या आवडे. तिथीच घर बांधाचं होतं मले. दरसाल म्हनो, यंदा राहू दे, पुढच्या साली पाहू."

तिला भाताचा कंटाळा आला होता. खाडीपलीकडच्या गावातल्या दुकानात ज्वारी आल्याचे कळले. ओहोटीला खाडीचा तळ उघडा पडतो आणि माहीतगार लोक वेळ साधून चालत पलीकडे जातात. शेजारच्या बायांबरोबर ती दोनदा गेली होती. त्या दिवशी एकटी निघाली. निघताना तिने नवऱ्याला विचारले, पाणी तर येणार नाही?

"म्या दारात येऊन आभाळ पाह्यलं," सर म्हणाले. "आपल्या गावात नदी उतराची असली का मानूस आभाळच पाह्यते ना. वरतं पाऊस नाही तं पूर नाही. एक ढग नव्हता. म्हटलं, जाय."

ज्वारीची पिशवी दुसऱ्या दिवशी काठाला लागली. सुमन सापडली नाही. गावातल्या एका म्हाताऱ्या कोळ्याने धीर दिला होता: "दर्या कुनाचं ठेवून घेत नाय मास्तर. तीन दिवसांत आनून देतो." सर तीन दिवस काठावर बसले. त्यानंतरही बसत राहिले. मुलगी शेजाऱ्यांकडे जेवत होती. मग त्यांनी बदलीचा अर्ज केला आणि तो लवकर मंजूर झाला.

"तिले डोंगर पाह्यजे होता. आनला डोंगरावर," ते म्हणाले. "पन कोनाले आनलं?"

कूलरचा उलगडा पुढे संघमित्राने केला. तोवर ती परिचारिका झाली होती, लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहत होती. तिचा जन्म खाडीकाठचा. लाटांच्या आवाजाशिवाय तिला बुलढाण्यात झोप येईना. बापाने उपाय म्हणून कूलर लावला. "महिनाभरात माही सवय मोडली. म्या सांगतलंही, बाबा, आता बंद करा. ते म्हने, तू झोप."

निवृत्त झाल्यावर पंधरवड्याच्या आत सरांनी सांगितले की ते कोकणात राहायला जाणार. संघमित्राने मला मध्यस्थीला बोलावले. मध्यस्थी करण्यासारखे तिथे काही नव्हते.

"काऊन जाता? काय हाये तिथी?"

"तुही माय हाये."

"माय नाही तिथी. कुठीच नाही."

"नाही ना सापडली. मंग कुठीच नाही कसं म्हनतं तू?"

ती स्वयंपाकघरात निघून गेली. भांडी जोरात आदळू लागली. सरांनी चहा संपवला, कप विसळून पालथा घातला आणि तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुह्यासाठी घाटावर राह्यलो, पोरी. नाराजीनं नाही राह्यलो. पन तुहं झालं आता." त्याच आठवड्यात ते गेले.

दीड वर्ष संघमित्रा फोनवर एकच गोष्ट मागत होती: परत या. शेवटी ती त्यांना आणायलाच निघाली आणि मला सोबत चलण्याची विनंती केली. सरांची खोली खाडीच्या उतारावर होती. ते बाहेर बाकावर बसले होते. रंग काळवंडलेला, तब्येत उतरलेली. वरच्या अंगाला आता पूल झाला आहे, तरी फिरायला आलेले लोक ओहोटीच्या तळात उतरतातच. आम्ही पोहोचलो तेव्हा एक कुटुंब बरेच आत गेले होते. सर उभे राहून ओरडले, "वापस या! पानी येऊन राह्यलं!" त्या मुलखात ही बोली ऐकून ते लोक थबकले, हसले आणि परत आले. निघाले अकोल्याकडचे. सरांनी त्यांना पाणी पाजले, गाव विचारले आणि वाटेला लावले.

हे पुण्याचे काम आहे, असे काहीसे मी बोललो. सरांनी मान हलवली. "म्या त्याईले वाचवाले नाही बसत. म्या तिची वाट पाह्यतो. मधात लोकं येतात."

संघमित्राने बॅग खाली ठेवली. परतीची तिकिटे तिच्या पर्समध्ये होती, बापाचेही होते. ते तिने काढले नाही. तिने विचारले, "पानी कवा येते?"

"हे काय, आलं."

आम्हाला काही दिसत नव्हते. आभाळ स्वच्छ होते. लाट नव्हती, आवाज नव्हता. तळातल्या वाळूचा रंग फक्त गडद झाला. मग मधल्या खळग्यांत चकाकी आली आणि ते खळगे एकमेकांना मिळाले. ज्या वाटेवर ते कुटुंब मघाशी उभे होते, ती बघता बघता दोन्ही बाजूंनी वेढली गेली. मधे एक लांबट पट्टा कोरडा उरला होता. तोही गेला. संघमित्रा बापाच्या शेजारी बसून हे सगळे पाहत होती. तिने विचारले, "मायले कळलंही नसंन?"

"मांगून आलं ना," सर म्हणाले. "तुही माय घराकडं पाहून चालत होती."

तिने त्यांचा हात हातात घेतला. परत चला, असे ती त्या दिवशी म्हणाली नाही, पुढे फोनवरही म्हणाली नाही. अंधार पडायच्या आत आम्ही निघालो. बाकावरून न उठता सरांनी हात वर केला.

पुढच्या पावसाळ्यात न्यूमोनियाने ते त्याच खोलीत वारले. संघमित्रा शेवटच्या चार दिवसांत त्यांच्याजवळ होती. वडनेरहून चुलत्यांचे फोनवर फोन येत होते: गाडी करा, मातीसाठी गावाकडे आणा, सगळी भावकी इथे आहे, परमुलखात कशाला ठेवता? तिने सगळ्यांना एकच उत्तर दिले आणि खाडीकाठच्या स्मशानात अंत्यविधी उरकला.

"नाही आनत, काका," ती म्हणाली. "बाबा इथीच राह्यतात."