वाचून दाखवलेला कागद

शकुन मेहेंदळे डमडमच्या एका धर्मादाय मानसोपचार रुग्णालयात कॉम्प्युटर विभाग सांभाळायची. विभाग म्हणजे तळमजल्यावरची एक थंडगार खोली, तिच्यातले दोन सर्व्हर आणि शकुन. वडील रेल्वेच्या गार्डन रीचच्या कचेरीत होते, त्यामुळे तिचा जन्म आणि शिक्षण सगळं कोलकात्यातलंच. बँकेच्या बदलीवर आलेल्या श्रीकांतशी लग्न झालं तेव्हा चार वर्षांत हिला पुण्याला न्यायचं असा त्याचा बेत होता. तीस वर्षं झाली, तो आता भाजीवाल्याशी बंगालीत हुज्जत घालतो.

रुग्णालयात ती कारकून म्हणून लागली. जुनी केसकार्डं कॉम्प्युटरवर चढवायची होती. त्यात सहा वर्षं गेली. कोणाला कसले आवाज ऐकू येतात, कोण किती वेळा गच्चीच्या कठड्यापर्यंत जाऊन आलं, कोणाच्या सासरी हे अजून ठाऊक नाही, सगळं तिच्या बोटांखालून गेलं. मग हीच माणसं तिला रस्त्यात भेटू लागली. मिठाईच्या दुकानात शाळेतले एक मास्तर समोर आले आणि तिला ओळखून पांढरेफटक पडले. शकुनने सरळ दुकानदाराकडे वळून दही मागितलं. त्या दिवसापासून तिने नियमच केला, बाहेर रुग्णाला ओळख द्यायची नाही. घरीसुद्धा कधी कोणाचं नाव तिच्या तोंडून निघालं नाही. श्रीकांतने पूर्वी एकदोनदा खोदून पाहिलं, मग तो नाद सोडला.

अडचण सुरू झाली ती सोमवारची. जिल्ह्याजिल्ह्यातून लोक मोबाइलवरून वेळ घ्यायला लागले, डॉक्टर व्हिडिओवरून तपासायला लागले, आणि सोमवारी सकाळी दोन्ही सर्व्हर गुडघे टेकायचे. लांबच्या बनगावची एखादी बाई दोन तास फोन हातात धरून बसायची आणि तिची वेळ निघून जायची. हे काही चालणार नाही, हे शकुनलाही कळत होतं.

नवे सचिव अनिंद्य बक्षी आले आणि त्यांनी झटपट उपाय काढला. न्यू टाउनमधल्या एका कंपनीला बोलावलं. सगळं क्लाउडवर न्यायचं, म्हणजे कुठल्याशा दूरच्या शहरातल्या भाड्याच्या यंत्रांवर. तळमजल्यावरची खोली मोकळी होईल, तिथे औषधांचं दुकान काढता येईल. कंपनीकडून तन्मय नावाचा तिशीतला इंजिनिअर आला होता. हुशार होता, अदबशीरही होता. शकुनने त्याच्याकडून कराराचा मसुदा मागून घेतला आणि दोन दिवस बारकाईने वाचला. सतराव्या पानावर लिहिलं होतं की, कंपनीला आणि तिच्या सहयोगी संस्थांना अभ्यासासाठी नोंदी पाहता येतील.

बक्षीबाबूंना विभागप्रमुख म्हणून तिची ‘हरकत नाही’ अशी सही हवी होती. तिने सही केली नाही. नुसती अडून बसली असंही नाही. एका कागदावर तिने दोन रकाने आखून नेले. वेळ, पावती, डॉक्टरांचं वेळापत्रक, व्हिडिओ, हे सगळं बाहेरच्या क्लाउडवर. तिथे सोमवारी हवी तितकी यंत्रं वाढवता येतात. नाव, निदान आणि डॉक्टरांचे शेरे मात्र आपल्या खोलीत, आपल्या यंत्रांवर. दोघांच्या मध्ये फक्त एक क्रमांक. बाहेरच्याला कळेल की ४४१७ क्रमांकाची व्यक्ती साडेदहाला येणार आहे. ती कोण आणि कशासाठी, ते आतल्यालाच ठाऊक.

तन्मय म्हणाला की याला हायब्रिड म्हणतात, बँका असंच करतात, पण काम दुपटीने वाढतं. बाहेरची यंत्रणाही कडेकोट असते, असं त्याने समजावलं.

“कुलूप चांगलं आहे, तन्मय,” शकुन म्हणाली. “किल्ली कोणाकडे राहणार, एवढंच मी विचारते आहे.”

तन्मयने तिचा दोन रकान्यांचा कागद जवळ ओढून पुन्हा वाचला. बक्षीबाबू मात्र हसले. शकुनदींना खोली जाण्याची भीती नाही, खुर्ची जाण्याची आहे, असं ते समितीच्या बैठकीत सगळ्यांदेखत म्हणाले. समितीतल्या वयोवृद्ध डॉ. सुचरिता लाहिरी तेवढ्या शकुनच्या बाजूने बोलल्या, पण तिच्या बाजूने मत त्यांचं एकट्याचंच पडलं. दुसऱ्या दिवशी शकुनच्या हातात पत्र पडलं. विभागाचा कार्यभार काढून घेतला होता. उद्यापासून पहिल्या मजल्यावर नोंदणीच्या खिडकीवर बसायचं.

श्रीकांत भडकला. राजीनामा तोंडावर फेक, म्हणाला.

“राजीनामा दिला की त्यांचं काम सोपं झालं,” ती म्हणाली. “मी खिडकीवर बसणार आहे.”

आणि ती बसली. इस्त्रीची साडी, चष्मा, शेजारी पाण्याची बाटली. सर्व्हरच्या खोलीवरून जाताना तिचा जीव तुटायचा, पण तिने मान वळवून एकदाही पाहिलं नाही. ज्या पोरीबाळी कालपर्यंत तिला विचारून पासवर्ड बदलायच्या, त्यांच्याच रांगेत ती जाऊन बसली.

पंधरा दिवसांनी खिडकीवर छापील कागदांचा गठ्ठा आला. प्रत्येक रुग्णाची लेखी संमती घेतल्याशिवाय नोंदी हलवू नका, असं रुग्णालयाच्या वकिलांनी बजावलं होतं. कागद इंग्रजीत, अक्षर बारीक, खाली सहीसाठी फुली. बाकीच्या खिडक्यांवर फुलीवर बोट ठेवून “इथे सही” म्हणायची पद्धत पडली. शकुनने पहिला कागद उचलला, समोरच्या बाईंना बसायला सांगितलं आणि सगळा मजकूर सावकाश, सोप्या बंगालीत वाचून दाखवला. माझ्या आजाराची आणि उपचारांची माहिती रुग्णालयाबाहेर ठेवण्यास, तसेच गरजेप्रमाणे सहयोगी संस्थांना देण्यास माझी हरकत नाही.

“सहयोगी म्हणजे कोण?” बाईंनी विचारलं.

“कागदात लिहिलेलं नाही,” शकुन म्हणाली.

“सही केली नाही तर औषध बंद होईल?”

“नाही.”

बाईंनी कागद परत सरकवला.

शकुनची रांग सर्वांत हळू चालायची. आश्चर्य म्हणजे लोक हळूहळू त्याच रांगेत येऊ लागले. ‘त्या बाई वाचून सांगतात’ ही बातमी बाकांवरून पसरली. मग दुसऱ्या खिडक्यांवरही लोक म्हणायला लागले, आधी वाचा. एका म्हाताऱ्या वडिलांनी मुलाच्या वतीने केलेली सही परत मागितली आणि कागद तिथेच फाडला. महिनाअखेरीला हजारावर लोक येऊन गेले होते आणि शकुनच्या खिडकीवर त्रेचाळीस सह्या होत्या.

बक्षीबाबूंनी तिला खोलीत बोलावलं आणि बसायलाही न सांगता विचारलं की रुग्णांना भडकवण्याचा अधिकार तिला कोणी दिला.

“मी एक शब्दही पदरचा घातला नाही, बक्षीबाबू. कागद तुमचा आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काही असेल तर कागद बदला.”

त्यांनी निलंबनाची धमकी दिली. तिने सांगितलं की निलंबनाचं कारण लेखी द्या, तेही मी खिडकीवर वाचून दाखवीन.  पाच मिनिटांनी ती खिडकीवर हजर होती.

कारण लेखी आलं नाही. वकिलांनी सांगितलं की इतक्या थोड्या सह्यांवर काही हलवता येणार नाही, आणि सोमवारचा गोंधळ तर वाढतच होता. शेवटी समितीने शकुनचाच दोन रकान्यांचा कागद पुन्हा टेबलावर घेतला. तो मांडायला तन्मय उभा राहिला. त्याने आपल्या कंपनीत भांडून सतरावं पान गाळून आणलं होतं.

पुढचे चार महिने, खिडकीची वेळ संपली की, तो आणि शकुन त्या थंड खोलीत राबले. त्याने विचारलं, वेळेच्या आठवणीचा मेसेज कुठून पाठवायचा? आतून, ती म्हणाली, आणि त्यात रुग्णालयाचं नाव नको, फोन घरात कोणाच्याही हातात असतो. हे त्याला सुचलं नसतं, असं त्यानेच कबूल केलं. पहिल्या सोमवारी यंत्रणा दोनदा अडखळली, तिसऱ्या सोमवारपासून सुरळीत चालली. बनगावच्या बाईला वेळेवर डॉक्टर भेटले.

वार्षिक अहवालात श्रेय कंपनीला आणि सचिवांना मिळालं. श्रीकांतने तो अहवाल आपटला. शकुनला त्याचं काडीइतकंही वाईट वाटलं नाही. तिला दुसरंच काही हवं होतं. कार्यभार परत स्वीकारण्याचं पत्र आलं तेव्हा तिने ते तसंच ठेवून एक अट लिहून पाठवली: आतल्या सर्व्हरवरची कुठलीही नोंद दोन डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय कोणालाही दिली जाणार नाही, सचिवांनाही नाही, आणि मी निवृत्त झाल्यावरही नाही. ही अट मान्य होईपर्यंत मी खिडकीवरच बरी आहे.

बक्षीबाबूंनी आठ दिवस घेतले. नवव्या दिवशी अट मंजूर झाल्याचं पत्र शिपायाने खिडकीवर आणून दिलं. तिने ते तिथल्या तिथे दोनदा वाचलं, समोरच्या माणसाची नोंदणी पुरी केली आणि खाली सर्व्हरच्या खोलीत गेली.